पट्टीवरचे सात दगड

साल २०१८. डिसेंबरचा दुसरा शुक्रवार. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव अजून अहमदनगरच होतं.

या गोष्टीत रात्र नाही, अमावस्या नाही, जुनी विहीरही नाही. जे झालं ते उजाडल्यावर झालं. खोटं वाटलं तर वाटू द्या. जिच्यावर हा प्रसंग आला तिनं त्याच दिवशी, अंगावरचा गणवेशही न बदलता, माझ्यासमोर बसून मला तो सांगितला. तिचे दात वाजत होते आणि बाहेर चांगलं कडक ऊन पडलं होतं.

ती म्हणजे एंजेला. माझ्या धाकट्या भावाची, पॉल त्रिभुवनची, एकुलती एक मुलगी. मरिया, तिची आई, एंजेला दहा वर्षांची असतानाच गेली. पॉल कोल्हारच्या शाळेत मास्तर होता. मास्तरच्या पगारात त्यानं पोरीला पायलट केलं.

गुरुवारी दुपारी चार वाजता पॉल गेला. घरीच गेला. मला म्हणाला, "अक्का, चहा टाक." मी आधण ठेवून बाहेर आले, तर खुर्चीत मान कललेली.

एंजेला तेव्हा नागपूरला होती, हॉटेलात. मी फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "माती कधी?"

"उद्या अकराला. पण तू कशी पोचशील गं? रात्रीची गाडी मिळाली तर..."

"गाडी कशाला? उद्या सकाळी माझं विमान पट्टीवरच यायचंय, आत्या."

"कुठल्या पट्टीवर?"

"आपल्या. माळावरच्या. दुपारी तिथून दोन पाहुणे उचलायचेत. सव्वासातला उतरते. घरी यायला वीस मिनिटं. पप्पांजवळ बसते, मातीला थांबते आणि मग जाते."

मला बरं वाटलं. देवच धावून आला म्हणायचं.

"आत्या, झाकण लावू नका. मी येईपर्यंत अजिबात लावू नका."

"नाही लावत, बाळा."

"आठ महिने मला इकडची फेरीच लागली नाही. फक्त त्यांचा कान बघितलाय."

हे खरं होतं. व्हिडिओ कॉल लावला तरी पॉल फोन कानालाच धरायचा. पोरगी पलीकडून ओरडायची, "पप्पा, फोन समोर धरा!" आणि हा आणखीनच कानाशी दाबायचा. म्हणायचा, "अगं, ऐकू येतंय की नीट!"

पोरीला बापाचा चेहरा एकदा बघायचा होता. एवढंच.

आता ती पट्टी.

कोल्हारच्या पुढे आठ-नऊ किलोमीटरवर मुरमाड माळ आहे. एका साखर कारखान्याच्या भरभराटीच्या दिवसांत तिथं विमान उतरायला धावपट्टी केलेली. पुढं ती एंजेलाच्या छोट्या विमान कंपनीनं भाड्यानं घेतली. शिर्डीसारखं विमानतळ नव्हे. मनोरा नाही, दिवे नाहीत, धुक्यात वाट दाखवणारं यंत्र नाही. एक पत्र्याची शेड, वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी पिशवी आणि एक राखणदार.

राखणदाराचं नाव सहादेव. पन्नाशीचा, बारीक, तोंडाचा फटकळ. हातात एक रेडिओ. विमान जवळ आलं की एंजेला त्याला विचारायची आणि तो सांगायचा. वारा कुठला, पट्टीवर कुत्री-शेळ्या आहेत का, सगळं.

"ताई, तुमच्या इमानाला हारन बसवा. त्या जगतापाच्या म्हशी तुमाला अजाबात मोजत न्हाईत."

"तू कशाला आहेस मग?"

"मला तर त्या त्याहून मोजत न्हाईत."

आणि पट्टीच्या डाव्या कडेला दगड. गुडघ्याएवढे, चुन्यानं रंगवलेले, बरोबर शंभर-शंभर मीटरवर रोवलेले. सात दगड.

धुकं असलं की सहादेव शेडच्या दारात उभा राहून ते मोजायचा. जितके दगड दिसले, तितके शंभर मीटर नजर पोचते. सोपा हिशेब. कुठल्या पुस्तकात नसलेला. पुस्तकातला नियम फार कडक होता: सातही दगड दिसून पलीकडची टेकडी स्वच्छ दिसली, तरच उतरायचं. पण जुन्या पायलटांनी त्याला एक पळवाट काढली होती. टेकडी नसली तरी सातही दगड दिसत असतील, तर खाली येऊन बघायला हरकत नाही.

बघायला. उतरायला नव्हे.

एंजेलाचा गुरू एक म्हातारा सरदारजी होता. त्यानं तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पट्टीपासून तीनशे फुटांवर आलीस की स्वतःला विचार, दिसलं? दिसलं तर उतर. नाही दिसलं तर वर. विचार करत बसायचं नाही. जरासं आणखी खाली जाऊन बघू, असं म्हणायचं नाही. आणि दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा नाही. एकदाच.

शेजारी दुसरा पायलट असला तर तो विचारतो. एंजेलाचं विमान लहान, ती एकटीच. म्हणून ती मोठ्यानं स्वतःलाच विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. रिकाम्या खुर्चीकडे बघून.

शुक्रवारी पहाटे नागपूरला विमानात बसण्याआधी तिनं खिशातलं कार्ड काढलं. प्रत्येक उड्डाणाआधी वाचायचे प्रश्न. आजारी आहेस? औषध घेतलंय? दारू? झोप झाली? मनावर काही ओझं?

पाचव्या प्रश्नापाशी ती थांबली.

कंपनीला तिनं बापाचं सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर विमान दुसऱ्याला दिलं असतं आणि ती नागपुरातच अडकली असती. मनावर ओझं असलेल्या माणसानं विमान उडवायचं नाही, हा नियम.

मनावर काही ओझं?

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली.

आणि उडाली.

वर आभाळ निरभ्र होतं. मागून हळूहळू उजाडत होतं. इंजिनांची एकसुरी घरघर, समोर काचा, बाजूला रिकामी खुर्ची. त्या खुर्चीवर तिनं आपली बॅग ठेवली होती. मधेच तिला वाटलं, बॅग नको. उचलून तिनं ती मागं टाकली.

खुर्ची रिकामी राहिली.

का, ते तिलाही सांगता आलं नाही.

गोदावरी ओलांडली आणि तिनं खाली बघितलं.

जमीन नव्हती.

प्रवरेच्या दोन्ही काठांना, उसाच्या सगळ्या पट्ट्यात धुकं साचलं होतं. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस शिंपडून गेला होता, रात्री थंडी पडली होती. वरून ते पांढरंशुभ्र, सपाट दिसत होतं. चादर ओढल्यासारखं. एका कारखान्याची चिमणी तेवढी वर आलेली. शिर्डीकडेही तेच.

त्या चादरीखाली कुठंतरी कोल्हार होतं. कोल्हारात घर होतं. घरात पप्पा होते.

तिनं रेडिओचं बटण दाबलं.

"सहादेव, किती दगड?"

खरखर झाली.

"राम राम ताई. चारच दिसत्यात बगा. लई दाट हाय."

चार. म्हणजे नाही.

टाकीत दोन तासांचं इंधन होतं. औरंगाबाद जवळ, तिथं स्वच्छ असल्याचं तिला कळलं होतं. नियमानं तिनं त्याच क्षणी तिकडे वळायला हवं होतं. औरंगाबादहून टॅक्सीनं कोल्हार तीन तास. सगळं जमलं तर अकराच्या आसपास. न जमलं तर...

ती माळावर गोल फिरत राहिली.

"सहादेव?"

"पाच, ताई. पाचवा दिसाया लागला आत्ता."

तिच्या जिवात जीव आला. सूर्य वर येतोय. धुकं हटतंय.

आणखी एक गोल.

"सहा! सरकतंय मागं. हळूहळू सरकतंय."

"सहादेव, नीट मोज हां."

"आता ह्या वयात मला सातपर्यंत मोजाया शिकवता व्हय?"

ती हसली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. पण हसता हसता तिनं खाली बघितलं आणि काहीतरी खटकलं.

धुकं हटत नव्हतं.

वरून तर ते होतं तसंच होतं. कुठं विरळ नाही, कुठं फाटलेलं नाही. उलट मघाशी दिसणारी चिमणीही आता बुडाली होती.

मग हा सहावा दगड दिसतो कसा?

खाली जमिनीलगत वेगळं असेल, तिनं स्वतःला समजावलं. असतं कधी कधी.

"सात!" सहादेव ओरडला. "ताई, सात झाले!"

सात. बघायला हरकत नाही.

तिनं विमान वळवलं, पट्टीच्या रेषेत आणलं. चाकं खाली केली. खाली जाण्याआधी काय करणार ते मोठ्यानं म्हणायचं असतं, तसं ती म्हणाली. "तीनशे फुटांवर बघणार. नाही दिसलं तर वर आणि सरळ औरंगाबाद. एकदाच."

रिकाम्या खुर्चीनं ऐकून घेतलं.

हजार फूट.

विमान धुक्यात शिरलं. काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. वर, खाली, बाजूला, काही नाही. इंजिनांचा आवाजसुद्धा आत ओढून घेतल्यासारखा बसला.

आठशे.

सहाशे.

एवढं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, असं ती म्हणाली. आई गेली तेव्हाही नाही.

चारशे.

पप्पा आठ किलोमीटरवर होते.

तीनशे.

"दिसलं?" तिनं मोठ्यानं विचारलं.

ती रेडिओवर बोलली नव्हती. बटण दाबलेलंच नव्हतं. ती बोलली होती स्वतःशी, बंद विमानात. बाहेर कुणाला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि कानातल्या हेडफोनमध्ये उत्तर आलं...

"दिसलं."

शांत आवाज. जवळचा. खरखर नाही, काही नाही.

कुणाचा होता? मी तिला चारदा विचारलं. पप्पांचा? ती म्हणाली, "सांगता येत नाही, आत्या. एकच शब्द होता."

पण ऐकल्याबरोबर तिचे हात इंजिनांची ताकद कमी करायला निघाले. आपोआप. कारण उत्तर मिळालं होतं ना! दिसलं तर उतर.

आणि खरंच दिसत होतं.

समोर धुक्याला एक फट पडली होती. फटीत पट्टीचा काळा तुकडा. डाव्या कडेला पांढरे ठिपके. एक. दोन. तीन. चार. सुतात रोवल्यासारखे सरळ.

पाच...

पाचवा जरा आत होता.

सहावा आणखी आत.

सातवा पट्टीच्या मधोमध.

चौथ्यानंतर ओळ वळली होती.

दगडांची ओळ वळत नाही. सहा वर्षं ती त्या पट्टीवर उतरत होती. ते तिन्ही दगड पट्टीवर आडवे, एका रांगेत होते. कबरीच्या कडेला माणसं थांबतात तसे.

तिला वाटलं, धुक्यात नजर फसते. अजून जरासं खाली जाऊन बघू.

तेवढ्यात त्यांतला मधला उंच झाला...

बसलेलं माणूस उठतं तसा.

पुढचं तिला आठवत नाही. हातांना आठवत होतं. इंजिनांचे दोन्ही दांडे पुढपर्यंत ढकललेले, नाक वर, चाकं वर. इंजिनं किंचाळली. विमान थरथरत वर चढू लागलं आणि फट मिटली. ती त्या तिघांच्या डोक्यावरून गेली. खाली बघितलं नाही.

वर उन्हात बाहेर पडली तेव्हा रेडिओ वाजत होता.

"ताई! ताई, का उठलात? पट्टी मोकळी हाय! सात दिसत्यात की मला. हे बगा, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात..."

सहादेव थांबला.

मग अगदी हळू म्हणाला,

"आठ."

खरखर.

"ताई... आठ कसे?"

त्यानंतर रेडिओ बंद झाला. तिनं हाका मारल्या. उत्तर नाही.

ती औरंगाबादला गेली. दुपारची फेरी कंपनीनं रद्द केली.

आठ वाजता तिनं तिथून मला फोन केला. आवाज कोरडा होता. "आत्या, धुक्यामुळं औरंगाबादला उतरले. टॅक्सी बघते. अकरापर्यंत पोचते. झाकण लावू नका हं."

मी म्हणाले, "ये, बाळा."

ती कोल्हारात पोचली तेव्हा अकराला पाच कमी होते. धुकं निघून गेलं होतं. अंगणात खुर्च्या रिकाम्या होत्या. मंडप सोडवणं चाललं होतं.

पॉलची माती साडेनऊलाच झाली होती.

तिला सांगण्यात आलं की चर्चच्या पाळकसाहेबांना बाराला दुसऱ्या गावी लग्न लावायचं होतं, म्हणून घाई झाली. गाडीतून उतरली तशीच कबरस्तानात गेली. ओल्या मातीवर फुलांचे हार होते. तिथं ती बसली. माझा मुलगा सत्यवान तिला आणायला गेला तर म्हणाली, "दादा, उतरता आलं असतं ना रे. जरासं आणखी खाली गेले असते तर उतरले असते."

घरी आल्यावर मला सगळं सांगितलं. मी आधी लिहिलंय तसं. दात वाजत होते.

मग म्हणाली, "मला पट्टीवर जायचंय."

मी, ती आणि सत्यवान, तिघं त्याच्या गाडीतून गेलो. तीन वाजले असतील. स्वच्छ ऊन. पलीकडची टेकडी अगदी हाताशी आल्यासारखी.

सहादेव शेडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. आत जायला तयार नव्हता. रेडिओ आतच पडला होता.

एंजेला पट्टीच्या डाव्या कडेनं चालत गेली. आम्ही मागोमाग.

पहिला दगड. दुसरा. तिसरा. चौथा.

पुढं नुसते खड्डे.

तीन खड्डे. शंभर-शंभर मीटरवर. आत पावसाचं पाणी साचलेलं.

"दगड कुठायत?" सत्यवान म्हणाला.

दगड शेडच्या मागं सापडले. आडवे टाकलेले, वर नवा चुना. झालं होतं असं की पुतणीच्या लग्नासाठी सहादेव पाच दिवस रजेवर होता. त्याच्या जागी बन्सी नावाचा गडी. बन्सीला ते तीन दगड कललेले दिसले. शहाणपणा करून त्यानं ते उपटले. रंगवून, नीट करून पुन्हा रोवू म्हणाला आणि तसेच टाकून घरी गेला. सहादेव शुक्रवारी धुक्यातच कामावर आला आणि शेडच्या दारातूनच मोजायला लागला. त्याला ठाऊकच नव्हतं.

त्या सकाळी पट्टीवर चारच दगड उभे होते.

"सहादेव, तू सात मोजलेस," एंजेला म्हणाली.

"मोजले, ताई."

"धुकं हटत होतं?"

"मला वाटलं हटतंय. एकेक वाढत हुता ना. पांढरं दिसलं की दगड, असंच मोजतो मी. कायम."

म्हणजे नजर पुढं जात नव्हती. काहीतरी अलीकडं येत होतं.

"आठवा कुठं होता?"

सहादेवनं शेडकडे बघितलं नाही. नुसतं बोट केलं.

"पयल्या दगडाच्या अलीकडं. ह्या दाराफुडं. मी मोजत हुतो तवा माझ्या आन् पयल्या दगडाच्या मधी हुता, ताई. मी लांबचं बगत हुतो. जवळचं शेवटी मोजलं."

सत्यवाननं सगळा मुरूम पायाखाली घालून बघितला. शेडच्या सावलीत अजून दव होतं. गवताच्या पात्यांवर मणी तसेच. त्यात सहादेवचं सोडून दुसरं पाऊल नव्हतं. कुणाचंच.

"इथं पूर्वी काही होतं का रे?" मी विचारलं. "कबरी? कुणी मेलं-बिलं?"

"न्हाई, बाई. माझ्या बापानं हितं शेळ्या राखल्यात. नुसता माळ. कायबी न्हवतं हितं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "तेच तर."

एंजेलानं विचारलं, "सहादेव, मी खाली असताना तू रेडिओवर 'दिसलं' म्हणालास?"

"न्हाई."

"आठव."

"देवाशपथ न्हाई. तुमी धुक्यात शिरल्यावर मी बटनाला हातच लावला न्हाई. मी कशाला म्हनू? मला तर तुमी दिसतच न्हवता."

आम्ही परत निघालो. गावात शिरताना एंजेला म्हणाली, "आत्या, त्यांनी मला बोलावलं की अडवलं?"

मला काय ठाऊक, बाळा.

ते दगड बनून उभे राहिले नसते, तर सहादेव चारच म्हणाला असता. ती वरच्या वर औरंगाबादला वळली असती. म्हणजे त्यांनी तिला खाली आणलं. पण मधला उठला नसता, तर ती उतरायला गेली असती, त्या काळ्या तुकड्यावर, पुढचं काही दिसत नसताना. म्हणजे त्यांनीच तिला वर घालवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. मी आठ वर्षं उलटसुलट करून बघते, जुळत नाही.

पुढं सगळ्यांचं काय झालं तेही सांगते.

एंजेलानं दुसऱ्याच दिवशी कंपनीला फोन करून खरं सांगितलं. बाप गेलेला असताना लपवून विमान उडवलं, चार दगड असताना वळले नाही, घिरट्या घालत बसले. तीन महिने तिला जमिनीवर ठेवलं. मग ती मोठ्या कंपनीत गेली. आता हैदराबादला असते, मोठं विमान चालवते. शेजारच्या खुर्चीत जिवंत माणूस असतो. उतरताना तो ठरलेले शब्द बोलतो, ती ठरलेलं उत्तर देते. पण ती सांगते, तो बोलला की आधी मी त्याच्या ओठांकडे बघते. हलले होते ना, याची खात्री करते.

लग्न केलं नाही तिनं.

सहादेवनं महिन्याभरात नोकरी सोडली. केडगावला मुलीकडे राहतो, जावयाच्या गॅरेजात बसतो. सत्यवान मधे भेटून आला. बरा आहे म्हणाला. मात्र संध्याकाळी दाराकडे पाठ करून बसतो.

बन्सीनं ते तीन दगड पुन्हा रोवले. पुढं कंपनीनं पट्टी सोडली. आता तिथं कुसळी गवत आहे आणि जगतापाच्या म्हशी. बन्सी राहात्याच्या बाजारात टेम्पो चालवतो. त्याला कधीच काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. तो आमच्यावर हसतो.

पाळकसाहेबांची बदली झाली. पुढं ते गेले. बिचाऱ्यांच्या नावावर एक खोटं आहे. त्या दिवशी त्यांना कुठंही लग्न लावायचं नव्हतं.

माती लवकर करा, असं त्यांना मी सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी मी आणि शेजारच्या बनुबाईनं पॉलला तयार केलं होतं. डोळे मिटवले. हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर घट्ट गाठ मारली, तोंड मिटून राहावं म्हणून. बनुबाईची गाठ कधी सुटायची नाही, गावात तेवढ्यासाठी तिला बोलवायचे. चेहरा शांत होता. झोपल्यासारखा. रात्रभर मी उशाशी बसले होते.

सकाळी सातला मी तोंड धुवायला मागच्या दारी गेले. बनुबाई चहा ठेवत होती. दहा-पंधरा मिनिटं पॉल एकटा होता.

परत आले तर...

पट्टी छातीवर पडलेली. गाठ सुटलेली. डोळे उघडे आणि वर लागलेले, छताकडे. आणि तोंड एवढं मोठं उघडलेलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. शेताच्या त्या टोकाला असलेल्या माणसाला जिवाच्या आकांतानं हाक मारावी तसं.

दार लावून घेऊन आम्ही दोघींनी खूप प्रयत्न केला. मिटेना.

तेवढ्यात आठला एंजेलाचा फोन आला. झाकण लावू नका म्हणाली. मी "ये, बाळा" म्हणाले, फोन ठेवला आणि आम्ही दोघींनीच झाकण लावलं. आठ महिने कान बघितलेल्या पोरीनं हा चेहरा बघायला नको होता. तेव्हा मला पट्टीवरचं काहीच माहीत नव्हतं. दुपारी तिनं वेळ सांगितली, सात-दहा, तेव्हा मला ती दहा-पंधरा मिनिटं आठवली.

बनुबाई गेल्या वर्षी वारली. तो चेहरा बघितलेली आता मी एकटीच.

एंजेला दर रविवारी फोन करते. व्हिडिओ कॉल करते आणि मी फोन नीट समोर धरते. इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी एकदा विचारतेच.

"आत्या, पप्पांचा चेहरा कसा होता गं शेवटी?"

मी म्हणते, "शांत होता, बाळा. झोपल्यासारखा."

ती मान डोलावते. मी तिच्या नजरेला नजर देत नाही. कारण आता तिनं खोदून विचारलं, पप्पा कुणाला तरी हाक मारत होते का, तर मी हो म्हणेन. पण 'ये' म्हणत होते की 'येऊ नको', ते मला सांगता यायचं नाही. तोंड दोन्हीला उघडतंच.